मेंदूतला लगाम

होळी झाली की घोड्याच्या अंगावरची थंडीची लव झडायला लागते. खरारा फिरवला की त्याच्या दातऱ्यांत केसांचा गुंता निघतो आणि पाडव्यापर्यंत कातडी तुळतुळीत दिसू लागते. बुलढाणा जिल्ह्यात लग्नसराईसाठी घोडी पाळणाऱ्या घरांना आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांना हे वेळापत्रक कुणी शिकवावं लागत नाही. हाताला लागणाऱ्या केसांवरून त्यांना ऋतू कळतो.

एखादं जनावर मात्र हे वेळापत्रक मोडतं. वय अठरा-वीसच्या घरात. मे उजाडतो, घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तरी या घोड्याच्या हनुवटीखाली, पोटाखाली, पायांच्या मागच्या बाजूला केस लांबच लांब. पाठीवरचं मांस उतरलेलं, कणा वर आलेला, पोट मात्र लोंबतं. पाणी बादल्यांनी पितो आणि बसायची जागा सतत ओली असते. मग एके सकाळी पुढचे पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन तो उभा राहतो आणि जागचा हलत नाही. "पाय धरले," कुणी म्हणतं. "वय झालं आता," दुसरा म्हणतो.

वय झालं हे खरं आहे. पण नुसतं वय झालं म्हणून घोड्याचे केस वाढत नाहीत आणि पायही धरत नाहीत. या सगळ्याचं मूळ त्याच्या डोक्यात, मेंदूच्या तळाशी लोंबकळणाऱ्या सुपारीएवढ्या गाठीत आहे. त्या गाठीवर आयुष्यभर ओढून धरलेला लगाम उतारवयात सैल पडतो, आणि त्या लगामाचं नाव आहे डोपामिन.

हुकूम नव्हे, मनाई

डोपामिन हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. मोबाइलवर कुणी अंगठा दाखवला की मेंदूत डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं, एवढी त्याची ओळख. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे. शरीरात या रेणूची बरीचशी कामं आनंदाशी संबंधित नाहीत. ती बंदोबस्ताची आहेत.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ही हार्मोन्सची मोठी पेढी. तिचे तीन भाग: पुढचा, मधला आणि मागचा. माणसात मधला भाग जवळजवळ नावालाच उरतो. घोड्यात तो चांगला भरलेला असतो आणि आयुष्यभर काम करतो. घोड्याला जो आजार होतो तो माणसाला त्याच रूपात का होत नाही, याचं एक उत्तर या रचनेतच आहे.

ग्रंथीचा पुढचा भाग बहुतांशी हुकमावर चालतो. वरून, म्हणजे हायपोथॅलॅमसकडून, 'सोड' असा निरोप रक्तातून आला की तो हार्मोन सोडतो. मधल्या भागाचं उलट आहे. त्याच्या पेशी स्वभावतःच सुटलेल्या. त्यांना हार्मोन बनवायला कुणी सांगावं लागत नाही. थांबवावं मात्र सतत लागतं. त्यासाठी हायपोथॅलॅमसमधून चेतातंतू थेट या भागात उतरतात आणि पेशींच्या तोंडाशी डोपामिन सोडतात. पेशीवर त्यासाठी खास कुलपं असतात, ज्यांना शास्त्रज्ञ डी-२ ग्राही म्हणतात. डोपामिनची किल्ली त्यात बसली की पेशी हात आखडता घेते.

प्रोलॅक्टिन या हार्मोनचीही हीच तऱ्हा. मादीच्या आचळांत दूध उतरवणारं हे हार्मोन ग्रंथीच्या पुढच्या भागात तयार होतं, पण पुढच्या भागात राहूनही ते मनाईच्याच कारभाराखाली येतं. डोपामिन वाढलं की प्रोलॅक्टिन दबतं, घटलं की उसळतं. वसंतात दिवस मोठा होऊ लागतो तसं घोड्याच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन वाढतं आणि थंडीची लव झडायला लागते. खराऱ्यात येणारे केस हा डोळ्यांमार्गे मेंदूत शिरलेल्या सूर्यप्रकाशाचा परिणाम असतो.

सर्पगंधेपासून सुरुवात

डोपामिनचा शोध युरोपात लागला खरा, पण त्या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. लंडनमध्ये १९१० साली जॉर्ज बार्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं कुणी त्याला मेंदूतलं स्वतंत्र काम दिलं नाही. दुसऱ्या एका रसायनाच्या वाटेवरचा थांबा, एवढीच त्याची किंमत होती.

त्याच सुमारास भारतात सर्पगंधेच्या मुळीवर काम चाललं होतं. वेड आणि निद्रानाशावर वैद्य ही मुळी देतच असत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये तेच रिसर्पिन सशांना टोचलं. ससे निपचित पडले, कान लोंबले. मग त्यांना एल-डोपा हे डोपामिनचं आधीचं रूप टोचलं आणि थोड्याच वेळात ते ससे उठून हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन स्वतःच्या हिमतीवर काम करतं हे त्यावरून उमगलं. २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. माणसाच्या कंपवातावरचे आधुनिक उपचार याच प्रयोगातून पुढे आले.

एल-डोपाही आपल्याला परकं नाही. रानातून फिरताना अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा करणारी खाजकुयली तिच्या बियांत ते बाळगून असते. मद्रासमध्ये १९३७ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून ते वेगळं काढलं होतं.

कंपवात आणि घोड्याचा हा आजार ही एकाच घराण्यातली दुखणी. दोन्हींत डोपामिन सोडणारे चेतातंतू वयोमानानं झिजतात. फरक जागेचा. माणसात हालचालींचं नियंत्रण करणारे तंतू जातात म्हणून हात थरथरतो. घोड्यात पीयूष ग्रंथीच्या मधल्या भागाकडे जाणारे तंतू जातात, म्हणून हात-पाय थरथरत नाहीत, हार्मोन्सचा बांध फुटतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात आजारी घोड्यांच्या ग्रंथी तपासल्या गेल्या, तेव्हा मधल्या भागातलं डोपामिन निरोगी घोड्यांच्या सुमारे एक-दशांश एवढंच उरलेलं आढळलं.

एका ताग्याचे चार तुकडे

लगाम सुटल्यावर मधल्या भागात काय घडतं? तिथल्या पेशी एक लांबलचक प्रथिन बनवतात. ते स्वतः फारसं काही करत नाही. शिंप्यानं एका ताग्यातून वेगवेगळे कपडे बेतावेत तशी त्याची कापाकापी होते आणि प्रत्येक तुकडा वेगळं हार्मोन बनतो. एक तुकडा एसीटीएच, जो मूत्रपिंडाशेजारच्या ग्रंथींना कामाला लावतो. दुसरा केस, कातडी आणि भुकेशी संबंध असलेला. तिसरा बीटा-एंडॉर्फिन, शरीरानं घरीच तयार केलेली अफूच म्हणा ना. चौथ्याचा स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावण्याशी संबंध असावा, असं संशोधकांना वाटतं.

निरोगी घोड्यात हे सगळं मापात असतं. डोपामिन आटलं की पेशी बेसुमार कापड विणतात आणि बेसुमार कापतात. काम वाढलं म्हणून पेशींची संख्या वाढते, ग्रंथी फुगते, कधी तिच्यात गाठ होते. म्हणूनच वीस वर्षांच्या घोड्याची लव झडत नाही, पाठीचं मांस वितळतं, चरबी मानेच्या शिरेवर आणि डोळ्यांच्या वरच्या खड्ड्यांत साचते, जखमा लवकर भरत नाहीत, जंत पुन्हापुन्हा होतात, खुरात पू धरतो. बीटा-एंडॉर्फिन वाढल्यामुळे काही घोडे एकाएकी गरीब गायीसारखे होतात, असा अभ्यासकांचा कयास आहे. वरातीत बँडच्या दणदणाटात न बिचकणारा म्हातारा घोडा मालकाला 'शहाणा' वाटतो. तो कदाचित शहाणा नसेलही, आजारी असेल.

या विकाराला पशुवैद्यक पीपीआयडी म्हणतात. जुन्या पिढीत 'घोड्यांचा कुशिंग' हे नाव रूढ होतं. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी माणसात वर्णन केलेल्या आजारावरून ते आलं. पण माणसात बिघाड बहुधा ग्रंथीच्या पुढच्या भागात असतो, घोड्यात मधल्या. त्यामुळे ते नाव आता मागे पडलं आहे. ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांची पाहणी झाली, तेव्हा साधारण पाचांतला एक घोडा या विकाराच्या कक्षेत निघाला.

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याच्या माळावर ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्या फौजा भिडल्या. निजामाच्या विजयानंतर त्या गावाला फत्तेखेर्डा हे नाव पडलं. अशा लढायांत दौडणारा घोडा म्हातारा होईपर्यंत क्वचितच टिकायचा. आजच्या घोड्याचं तसं नाही. शेगावला पालखी परिक्रमेत चालणारे अश्व असोत की वर्षातले चार-पाच महिने वरातीला जाणारी घोडी, त्यांना निवांत आयुष्य मिळतं आणि निगा नीट राखली तर पंचवीस वर्षंही जगता येतं. म्हातारपणाचा आजार दिसायला आधी म्हातारपण लाभावं लागतं. दुसरीकडे घोडेच कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टू होते. २०१९ मध्ये ते साडेतीन लाखांच्याही आत आले. उरलेल्यांत म्हाताऱ्या घोड्यांकडे लक्ष द्यायला तरी हरकत नसावी.

गुळाचा खडा

पाय धरण्याचं काय? त्यासाठी आधी खूर आतून पाहावा लागतो. घोड्याचं हाड खुराच्या टोपणात नुसतं ठेवलेलं नसतं, ते टांगलेलं असतं. हाडावरचे साडेपाचशे-सहाशे पापुद्रे टोपणाच्या आतल्या तेवढ्याच पापुद्र्यांत अडकलेले असतात. दोन वह्यांची पानं एकमेकांत घालून दाबावीत तसे. चारशे किलोचा घोडा या पापुद्र्यांवर तोललेला असतो. हे पापुद्रे सैल झाले की हाड खाली सरकतं आणि प्रत्येक पाऊल म्हणजे नखाखालच्या ठणक्यावर उभं राहणं होतं. याला लॅमिनायटिस म्हणतात.

पूर्वी समज होता की हे केवळ पोटातल्या बिघाडानं होतं. धान्याची पाटी उघडी राहिली, घोड्यानं रात्रभर ताव मारला आणि सकाळी पाय धरले. तसंही होतंच. पण २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट तट्टांच्या रक्तात इन्शुलिन चढं ठेवलं आणि रक्तातली साखर मात्र नेहमीइतकी राहील अशी व्यवस्था केली. बहात्तर तासांच्या आत ज्यांना इन्शुलिन दिलं होतं त्या साऱ्या तट्टांचे पाय धरले. माणसाला इन्शुलिन कमी पडलं की डोळे, मूत्रपिंड जातात. घोड्याला ते जास्त झालं की खूर जातात.

डोपामिनचा लगाम सैल पडलेल्या सगळ्याच घोड्यांचं इन्शुलिन बिघडत नाही. पण ज्यांचं बिघडतं त्यांनाच पाय धरण्याचा धोका मोठा असतो. आणि इथं आपल्याकडची मायाच घोड्याच्या मुळावर येऊ शकते. वरातीला आलेल्या घोड्याला वऱ्हाडी मंडळी कौतुकानं गूळ-डाळ भरवतात. घरचा माणूस दमून आलेल्या जनावराला गुळाचा खडा देतो. हरभऱ्याची चंदी, कणकीचे गोळे, तुपातला मसाला हा जुन्या पागांतला खुराक होता, आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस कोस तुडवणाऱ्या घोड्याला तो पचतही होता. महिन्यात चार वरातींपुरतं चालणाऱ्या वीस वर्षांच्या घोड्याला तोच खुराक दिला तर इन्शुलिनची लाट उठते. आषाढ-श्रावणात बांधांवर लुसलुशीत गवत येतं तेव्हाही हेच. ढगाआडून ऊन पडलं की गवतात साखर चढते, आणि दुपारभर सोडलेला घोडा ती चरत राहतो.

डोपामिन आणि साखर यांचं नातं घोड्यापुरतं नाही. अमेरिकेत लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांना ऋतूप्रमाणे लठ्ठ-बारीक होणाऱ्या प्राण्यांत दिसलं, की मेंदूतल्या डोपामिनच्या दैनंदिन भरती-ओहोटीबरोबर शरीराची इन्शुलिन मानण्याची तयारीही बदलते. त्या कामातून पुढे ब्रोमोक्रिप्टिन हे डोपामिनची नक्कल करणारं औषध २००९ मध्ये अमेरिकेत मधुमेही माणसांसाठी मंजूर झालं. ते सकाळी उठल्यावर दोन तासांच्या आत घ्यायचं असतं, कारण डोपामिनची ठरलेली वेळ सकाळची.

बाजरीवरची बुरशी

आता तेच ब्रोमोक्रिप्टिन कुठून आलं ते पाहू. त्याचं मूळ अरगट या बुरशीत आहे. बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ती ओळखीची आहे. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि नंतर दाण्यांच्या जागी काळपट गाठी येतात. पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे हलके दाणे आणि गाठी काढून टाका, ही कृषी खात्याची शिफारस कितीतरी शेतकऱ्यांना पाठ आहे. त्यामागे पिकाइतकीच माणसाचीही काळजी आहे. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटानं भरलेली बाजरी खाऊन लोकांना गरगरणं, उलट्या आणि गुंगीनं गाठलं होतं.

अरगटातली द्रव्यं डोपामिनची तोतयेगिरी करतात. डी-२ कुलपात त्यांची किल्ली बसते आणि पीयूष ग्रंथीला वाटतं, लगाम ओढला गेला. प्रोलॅक्टिन दबतं. १९५९ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्लं झाली, पण दूध उतरलं नाही.

घोडीच्या बाबतीत हा धडा अमेरिकेनं फार महागात शिकला. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत फेस्क्यू नावाचं गवत कुरणांत मैलोन्मैल पसरलेलं आहे. त्याच्या पेशींच्या आड अरगटाच्याच गोत्रातली एक बुरशी राहते. गवत हिरवंगार दिसतं, पण ते चरलेल्या गाभण घोडीचे अकरा महिने उलटून जातात तरी ती वीत नाही. व्यालीच तर वार जाड, शिंगरू अशक्त आणि आचळ कोरडे. शिंगराला हे परवडणारं नसतं. आईच्या पोटात असताना त्याला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत. ती सगळी चिकातून, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच मिळवावी लागतात. चीक नाही म्हणजे शिंगरू पहिल्याच जंतूला बळी.

यावरचा तोडगा साउथ कॅरोलायनातल्या क्लेम्सन विद्यापीठात सापडला. डोपामिनची कुलपं आधीच बुजवून टाकली, तर तोतया किल्ली बसणार कुठे? त्यासाठी वापरलेलं डॉम्पेरिडोन हे औषध आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, उलटी थांबवणारं म्हणून. गंमत अशी, की घोड्याला उलटी होतच नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की खालचं वर येत नाही. घोडीला हे औषध देतात ते दूध उतरावं म्हणून. अमेरिकेत २०१० पासून ते याच कामासाठी मंजूर आहे. आई गमावलेल्या शिंगरासाठी दुसऱ्या, न व्यालेल्या घोडीला दूध आणायचं असेल, तरी डोपामिनला अडवणारी औषधं इतर हार्मोन्सच्या जोडीनं वापरली जातात.

आणि याच तोतया किल्लीनं म्हाताऱ्या घोड्याला आधार दिला. अरगटातल्या द्रव्यांच्याच सांगाड्यावर बेतलेलं पर्गोलाइड हे औषध आधी माणसाच्या कंपवातासाठी होतं. हृदयाच्या झडपा जाड होतात असं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत ते माणसांच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. घोड्यात मात्र त्याचा चांगला उपयोग होत होता, आणि २०११ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं पीपीआयडीसाठी त्याला रीतसर मान्यता दिली. पाचशे किलोच्या घोड्याला सुरुवातीला रोज अवघा एक मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे दोन मायक्रोग्रॅम. झिजलेले तंतू त्यानं परत उगवत नाहीत. हरवलेला लगाम फक्त बाहेरून धरला जातो, म्हणून गोळी जन्मभराची. सुरुवातीला काही घोड्यांची भूक मंदावते. पण पुष्कळांचा हुरूप परत येतो आणि पुढच्या वसंतात लव झडू लागते. जॉर्ज बार्जर यांनी डोपामिन बनवलं त्याच्या आधीपासून ते अरगटाच्या रसायनांवर काम करत होते आणि पुढे त्या बुरशीवर त्यांनी ग्रंथही लिहिला. त्यांच्या टेबलावरच्या या दोन बाटल्या एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत, हे उलगडायला अर्धं शतक जावं लागलं.

दात पाहावे तशी लव पाहावी

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला घोड्याचा सौदा होतो, तेव्हा घेणारा आधी तोंड उघडून दात पाहतो. दातांवरून वयाचा अंदाज येतो, पण लगाम शाबूत आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी लव पाहावी लागते. उन्हाळ्यात न झडलेली लांब, कुरळी लव हे पीपीआयडीचं इतकं नेमकं लक्षण आहे की अनुभवी पशुवैद्यक तेवढ्यावरही निदानाच्या जवळ जातो. आजाराच्या सुरुवातीला मात्र खूण बारीक असते. बाकी अंग साफ, फक्त हनुवटी आणि पायांमागे केस रेंगाळलेले. झडणं एरवीपेक्षा महिनाभर उशिरा. कामात सुस्ती. मधूनच पाय जड.

खात्री रक्तातल्या एसीटीएचवरून होते. हे हार्मोन माणसात आणि घोड्यात इतकं सारखं आहे की माणसांसाठीच्या काही तपासण्या घोड्यासाठीही वापरता येतात. मात्र आकड्यांचा अर्थ घोड्याच्या मापानंच लावावा लागतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन लगेच थंड ठेवावं लागतं. खामगाव-मलकापूरच्या उन्हात नमुना मोटारसायकलच्या डिकीत टाकून नेला, तर हार्मोन वाटेतच मोडून जाईल आणि आजारी घोडा कागदावर निरोगी ठरेल. बर्फाची पेटी हवीच.

तारखेचाही संबंध येतो. दिवस लहान होऊ लागले की, साधारण भाद्रपद-आश्विनात, निरोगी घोड्यातही हे हार्मोन वाढतं. थंडीची तयारी म्हणून मेंदूच लगाम थोडा सैल सोडतो. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान आठ तासांहून कमी. बुलढाण्यात हे अंतर सुमारे सव्वातेरा तास ते अकरा तास एवढंच. त्यामुळे युरोपातल्या प्रयोगशाळेचा तक्ता इथं जसाच्या तसा टेकवता येत नाही. रक्त कोणत्या महिन्यात घेतलं, हे अहवाल वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं. जोडीला उपाशीपोटी नव्हे, तर पशुवैद्यकानं ठरवून दिलेल्या खाण्यानंतर इन्शुलिनची तपासणी केली, की पायांना धोका किती याचा अंदाज येतो.

गोळी मिळेपर्यंतही पुष्कळ काही करता येतं. लव झडत नसेल तर ती यंत्रानं कापून घ्यावी. उन्हाळ्यात अशा घोड्याला अंगातली उष्णता बाहेर टाकणंच जड जातं. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावेत आणि नालबंदाला पाय धरल्याचं आधी सांगावं. दात घासून घ्यावेत, जंतांचं औषध लीद तपासून द्यावं. चंदी कमी करावी, गूळ बंद करावा. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की त्यातली बरीच साखर निघून जाते. घोड्याला मांस राखायला प्रथिनं लागतात, म्हणून उपास घडवणं हा उपाय नव्हे.

आणि माणसांच्या औषधाच्या दुकानातून डोपामिनशी खेळणारी कुठलीही गोळी परस्पर आणून घोड्याला देऊ नये. एक औषध व्यालेल्या घोडीचं दूध आणतं आणि दुसरं आटवतं. तिसरं, उलटीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, काही घोड्यांना इतकं बेभान करतं की त्यांना आवरणं कठीण होतं. खाजकुयलीच्या बिया कुटून चंदीत घालणं हाही धोक्याचाच प्रकार. त्यात एल-डोपा किती, हे दर बीमागे बदलतं.

जिल्ह्यातल्या घोडेवाल्यांना सल्ल्यासाठी लांब जायला नको. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यांत आहेत, फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि अवघड निदानासाठी शेजारीच अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. घोडा पंधरा वर्षांपुढचा असेल, तर येत्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्याच्या हनुवटीखाली आणि पायांच्या मागे एकदा हात फिरवून पाहा. केस हाताला लांब लागले, तर त्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.